हनुक्काच्या दिव्यांची कुळकथा

हनुक्का या ज्यू सणाचे मूळ एका बंडात आहे. सेल्युकिड राजा अँटिओकस चौथा याने इ.स.पू. 167 मध्ये जेरुसलेमचे मंदिर बाटवले. यहूदा मक्काबी आणि त्याच्या भावांनी इ.स.पू. 164 मध्ये ते परत मिळवले, ज्यू पंचांगातल्या किस्लेव महिन्याच्या 25 तारखेला त्याची पुन्हा प्रतिष्ठापना केली आणि आठ दिवस उत्सव मांडला. मक्काबींच्या पहिल्या दोन ग्रंथांत सणाची हकीकत इथेच संपते. इ.स. पहिल्या शतकातला इतिहासकार जोसेफस या सणाला दिव्यांचा सण म्हणतो खरा, पण त्या नावाचे कारण त्यालाही अंदाजानेच सांगावे लागते.

तेलाची प्रसिद्ध कथा येते ती आणखी काही शतकांनी, बाबिलोनी तालमूद या ज्यू धर्मग्रंथात. महायाजकाची मोहर शाबूत असलेली एकच कुपी सापडली. तेल एका दिवसापुरते होते, पण दिवे आठ दिवस तेवले. तलवारीचा विजय मागे सरला, ईश्वरी कृपा पुढे आली.

सणाचा आध्यात्मिक आशय मात्र कथेपेक्षा नियमांतून अधिक उलगडतो. शम्माई आणि हिलेल या दोन ज्यू धर्मपंडितांच्या अनुयायांत यावर वाद होता. शम्माईच्या अनुयायांचे मत होते की पहिल्या रात्री आठ दिवे लावून रोज एक कमी करावा. हिलेलचे अनुयायी म्हणत, एकापासून सुरुवात करून रोज एक वाढवावा. पवित्र गोष्टीत चढत जावे, उतरू नये. हिलेलचा पक्ष टिकला. दिवे रस्त्यावरून दिसतील असे दाराबाहेर ठेवायचे, कारण चमत्कार जगाला कळला पाहिजे. जिवाला धोका असेल तर घरातल्या मेजावर ठेवले तरी चालतात. ज्यूंचा पुढचा इतिहास पाहता ही सवलत किती घरांना लागली असेल! या उजेडात वाचायचे नाही, पैसे मोजायचे नाहीत. तो केवळ पाहण्यासाठी. म्हणून शमाश नावाचा नववा दिवा वेगळा लावतात. बाकीचे दिवे त्यानेच पेटवायचा प्रघात आहे. ऑलिव्हचे तेल उत्तम मानतात. मेणबत्त्या ही नंतरची सोय.

कोकणातल्या बेने इस्रायली ज्यूंच्या जुन्या रिवाजांत हा सण नव्हता. त्यांचे पूर्वज मक्काबींच्या विजयाआधीच मायदेशातून निघाले असावेत, या मताला हाच आधार दिला जातो. इतर ज्यूंशी संबंध वाढल्यावर हनुक्का त्यांच्याकडे आला. तेलाशी त्यांचे नाते मात्र जुनेच: तेल गाळणे हा त्यांचा धंदा, आणि शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून शेजारीपाजारी त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणत.