द्राक्षमळ्यांच्या वाटेवरच्या बाया

आज तुम्हाला सायकलवर बसवून लांब नेणार आहे, फ्रान्सच्या दक्षिण टोकाला, स्पेनच्या हद्दीपर्यंत. तिथं पिरेनीज नावाचा डोंगर थेट भूमध्य समुद्रात उतरतो. एल्न गावातून सकाळी निघायचं आणि आर्जलेस, कोलिऊर, पोर-वांद्र, बान्यूल्स अशी गावं घेत संध्याकाळी सर्बेरला पोचायचं. सगळं मिळून सुमारे ३५ किलोमीटर. एका हाताला निळं पाणी, दुसऱ्या हाताला उतारावरचे द्राक्षमळे. हौशी लोक ही वाट रमतगमत करतात. चढ मात्र छाती भरून आणणारे आहेत.

निघताना एल्नच्या बाहेरचा एक मोठा वाडा बघून घेऊ. १९३९ च्या सुरुवातीला स्पेनमधलं यादवी युद्ध संपत आलं होतं. जनरल फ्रँकोची फौज मागे लागली, तसे जवळजवळ पाच लाख लोक काही आठवड्यांत हद्द ओलांडून फ्रान्समध्ये आले. आपल्या वाटेवरच्या आर्जलेसच्या वाळूत काटेरी तारा ओढून हजारोंना तिथं डांबलं. महिना फेब्रुवारीचा, वर छप्पर नाही. माणसांनी वाळूत खड्डे खणून रात्री काढल्या. त्यांत गरोदर बायाही होत्या. अशा जागी बाळ जगणार कसं?

एलिझाबेथ आयडेनबेंझ नावाची एक स्विस शिक्षिका मदतीला आली होती. वय अवघं २६. तिनं एल्नच्या त्या वाड्यात बाळंतघर उघडलं. दिवस भरत आले की छावणीतल्या बाईला तिथं आणायचं, बाळंतपण करायचं, आईच्या अंगात जरा ताकद येईपर्यंत ठेवून घ्यायचं. पुढं दुसरं महायुद्ध पेटलं, तेव्हा ज्यू बायांनाही तिथं आसरा मिळाला. त्या पकडल्या जाऊ नयेत म्हणून नोंदीत नावं बदलून लिहायचे. १९४४ मध्ये जर्मनांनी बाळंतघर बंद पाडलं, तोवर तिथं जवळजवळ ६०० मुलं जन्मली होती. आज आर्जलेसच्या त्याच किनाऱ्यावर उन्हाळ्यात सुट्टीला आलेल्यांचे तंबू दाटीवाटीनं लागतात.

पुढं कोलिऊर. १९०५ च्या उन्हाळ्यात मातीस आणि देराँ हे दोन चित्रकार इथं राहिले, त्यांनी भडक रंगांची चित्रं काढली आणि गावाचं नाव झालं. मला मात्र तिथली खारवलेली मासळी जास्त महत्त्वाची वाटते. आपल्या मांदेलीच्या जातकुळीतला तो छोटा मासा. डोकं आणि पोट काढायचं, मिठाचा थर, माशांचा थर असं भरून दाबून ठेवायचं, काही महिन्यांनी हातानं काटा काढायचा. पुरुष होड्या घेऊन गेले की किनाऱ्यावरचं हे सगळं काम बायांचं. चित्रकारांच्या नावांच्या पाट्या गावभर आहेत.

कोलिऊर सोडलं की मळे सुरू होतात. जमीन कसली, काळ्या खडकाचे पापुद्रेच. उतार इतका की मशीन चालत नाही, तोडणी अजून हातानंच होते. दगडावर दगड रचून ताली बांधल्यात, त्यात सिमेंट नाही की माती नाही. पावसाचं पाणी ताल फोडू नये म्हणून मधून तिरके दगडी चर काढलेत. वरून ते पक्ष्याच्या पावलासारखे दिसतात, म्हणून लोक त्यांना कोंबड्याचा पाय म्हणतात. पाणलोटाचं काम केलेल्या बायांना यातली अक्कल लगेच कळेल. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतून आलेल्या एका बारीक किडीनं फ्रान्सचे मळे मुळापासून खाल्ले. मग अमेरिकेच्याच द्राक्षाच्या खुंटावर कलमं बांधून मळे पुन्हा उभे केले. आपल्याकडे द्राक्षाला वापरतात तो डॉगरिज खुंटही मूळचा अमेरिकेचाच. इथल्या द्राक्षांची बान्यूल्स नावाची गोड वाइन होते. आडव्या बाटलीला मत देणाऱ्या आपल्या मैत्रिणी आता कपाळाला आठ्या घालतील, म्हणून ती बाटली इथंच ठेवून पुढं जाऊ.

शेवटचा चढ सर्बेरचा. आधी कोळ्यांची वस्ती, १८७८ मध्ये रेल्वे स्पेनला जोडली गेली आणि त्याचं स्टेशनगाव झालं. पण स्पेनचे रूळ फ्रान्सपेक्षा सुमारे एक वीत जास्त रुंद! एकीकडचा डबा दुसरीकडे जाईना. कुर्डुवाडीला बार्शी लाइनच्या छोट्या गाडीतून उतरून मोठ्या गाडीत चढावं लागायचं, हे थोरल्या बायांना आठवत असेल. माणूस आपल्या पायांनी उतरतो. संत्र्यांचं काय करायचं?

स्पेनमधून वॅगनच्या वॅगन संत्री यायची. संत्रं काही फावड्यानं ओढायचं फळ नाही, दबलं की सडलं. म्हणून सर्बेरच्या बाया टोपल्या भरभरून एका गाडीतून दुसऱ्या गाडीत नेत. सगळ्या युरोपच्या बाजारात जाणारं फळ त्यांच्या हातावरून जायचं आणि मजुरी तुटपुंजी. १९०६ च्या फेब्रुवारीत त्यांनी मजुरी वाढवून मागितली, ठेकेदारांनी नाही म्हटलं, बायांनी टोपल्या खाली ठेवल्या. हा फ्रान्समधला बायांचा पहिला संप, असं काहीजण सांगतात. ते खरं नाही. लिओनच्या रेशीम कारखान्यांतल्या बाया १८६९ मध्येच संपावर गेल्या होत्या. पण सर्बेरच्या बायांचा जोर वेगळ्या जागी होता. माल नाशवंत आणि त्याला दुसरी वाट नव्हती. त्यांचे हात थांबले की संत्री वॅगनमध्येच सडणार, हे त्यांना ठेकेदाराइतकंच ठाऊक होतं.

पुढं डब्यांचे आसच बदलण्याची सोय झाली, तसं ते हातानं माल हलवण्याचं काम संपत गेलं. सर्बेरचं स्टेशन गावाच्या मानानं अजूनही अवाढव्य दिसतं. खाली लहानसा किनारा आहे, तिथं सायकल टेकवून पाय पाण्यात सोडता येतात.