आयसोलेशन वॉर्डमधील रेस्पिरेटरी थेरपिस्टची हिफाजत

रेस्पिरेटरी थेरपिस्ट म्हणजे रुग्णाचा श्वास सांभाळणारा प्रशिक्षित कर्मचारी. व्हेंटिलेटर लावताना, कफ ओढून काढताना त्याचा चेहरा रुग्णाच्या तोंडाजवळ असतो. टीबी, कोविडचे जंतू तेव्हाच हवेत जास्त उडतात. साधा सर्जिकल मास्क इथे पुरत नाही. किमान ९५ टक्के सूक्ष्म कण अडवणारा एन-९५ लागतो, तोही घट्ट बसलेला.

दाढीमुळे मास्कला फट राहते. दाढी ठेवणाऱ्या आपल्या मुलांसाठी पंख्याने गाळलेली हवा देणारा सैल हूड, म्हणजे पीएपीआर, हा पर्याय आहे. ड्युटी लागण्याआधीच रुग्णालयाकडे तो मागावा.

काम संपल्यावर हातमोजे, गाऊन, चष्मा काढावा. मास्क मात्र खोलीबाहेर येऊन, दार लावल्यावर, सर्वांत शेवटी. मग हात साबणाने धुवावेत. घरच्या अम्मी-अब्बूंची हिफाजतही इथूनच सुरू होते.