सेटरने डेटाबेसला हात लावू नये

‘कंट्रोलर बारीक ठेवा, काम मॉडेलवर सोपवा’ हा वेब प्रोग्रॅमिंगमधला रुळलेला उपदेश. तोच ताणून बरेच जण म्हणतात, प्रॉपर्टीच्या सेटरमध्येच डेटाबेसमध्ये लिहून टाकावं. सेव्ह करायचं राहून जाण्याची भीती नको, आणि आतलं काम आतच झाकलेलं राहतं.

या मताविरुद्ध संगणकशास्त्रज्ञ बर्ट्रांड मायर यांचा दाखला दिला जातो: प्रश्न विचारताना स्थिती बदलू नये. हा दाखला इथे टिकत नाही. सेटर ही आज्ञाच आहे, स्थिती बदलणं हे तिचं कामच. खरा आक्षेप वेगळा आहे. ब्राउझरकडून आलेल्या फॉर्ममधली मूल्यं फ्रेमवर्क एकेक करून मॉडेलवर चढवतं. सेटर कुठल्या क्रमाने चालतील हे मॉडेल ठरवत नाही. सगळी मूल्यं एकमेकांशी जुळतात का, हे तर सगळी आल्यावरच तपासता येतं.

रेल्स या वेब फ्रेमवर्कमध्ये आधीच सेव्ह असलेल्या युजरच्या ‘रोल_आयडीज’ला, म्हणजे त्याच्या भूमिकांना, नवी यादी दिली, की जोड-टेबलातल्या ओळी तिथल्या तिथे डिलीट आणि इन्सर्ट होतात. समजा, त्याच फॉर्ममध्ये ईमेल रिकामा राहिला. कंट्रोलरने अ‍ॅट्रिब्यूट्स भरले, मग ‘सेव्ह’ बोलावलं. व्हॅलिडेशन फसलं, स्क्रीनवर चूक दिसली. अ‍ॅडमिनला वाटतं, काहीच बदललं नाही. प्रत्यक्षात त्या युजरचे अधिकार बदलून गेलेले असतात. परवानग्यांच्या बाबतीत हे मला अक्षम्य वाटतं.

‘मग अपडेट वापरा,’ असं उत्तर येतं. बरोबर आहे. ‘अपडेट’ मूल्यं भरणं आणि सेव्ह करणं एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये करतं, त्यामुळे सेव्ह फसलं की सगळं मागे फिरतं. पण मग वाचवलं कोणी? सेटरभोवती ट्रान्झॅक्शन उभारणाऱ्याने. म्हणजे सेटर कसा बोलवावा हे बोलवणाऱ्याला माहीत असावं लागतं, आणि झाकून ठेवण्याचा मूळ दावाच पडतो.

सेटरने काहीच करू नये असं नाही. ईमेलमधल्या मोकळ्या जागा छाटणं, अक्षरं लहान करणं ही कामं त्याने खुशाल करावीत. ती मेमरीतच राहतात.

जँगो या फ्रेमवर्कने सेटरमधून डेटाबेसमध्ये लिहिण्याचा हा प्रश्न सोडवला. त्याच्या १.९ आवृत्तीत युजर आणि रोलसारख्या टेबलांमधल्या नात्यांसाठी ‘सेट’ मेथड आली, १.१० मध्ये थेट असाइनमेंट कालबाह्य ठरली आणि २.० मध्ये ती काढूनच टाकली. असाइनमेंटमधून नकळत सेव्ह होतं आणि गोंधळ उडतो, हेच कारण दिलं गेलं. अशी मेथड वेगळी बोलावल्याने कंट्रोलरमध्ये एक ओळ वाढते, पण डेटाबेसमध्ये केव्हा लिहिलं जातं ते ती ओळ वाचणाऱ्याला दिसतं.