सेवाग्रामचा नास्तिक पाहुणा

आपल्याकडे एखाद्याच्या चांगुलपणाला सर्वांत मोठी पावती द्यायची असली, की आपण म्हणतो, ‘अहो, देवमाणूस आहे तो!’ गंमत अशी, की हा शब्द आपण देव न मानणाऱ्यालाही सर्रास लावतो. घरात देव्हारा नाही, सत्यनारायणाच्या प्रसादाला फिरकत नाही, वडिलांचं श्राद्ध घातलं नाही. पण अडल्यानडल्याला रात्री-अपरात्री धावून जातो. मग शेजारीपाजारी म्हणतात, ‘देव मानत नाही म्हणतो, पण खरा देवमाणूस तोच.’ बोलणाऱ्याच्या मनात प्रेमच असतं, यात शंका नाही. पण त्या गृहस्थाला विचारलं, तर तो बहुधा संकोचेल आणि म्हणेल, ‘बाबांनो, मी माणूस आहे, तेवढं पुरे की!’

आपल्याहून वेगळं मानणाऱ्याला समजून घ्यायचं म्हणजे नेमकं काय करायचं, हा विचार करताना मला हा शब्द आठवतो. समोरच्याला चुकीचं ठरवून मोकळं होणं सोपं असतं. ‘तू मुळात आमच्यातलाच आहेस’ असं म्हणून त्याला आपल्या पंगतीत ओढणंही तितकंच सोपं असतं. यांखेरीज एक तिसरा रस्ता आहे आणि तो फार थोड्यांना सापडतो. महात्मा गांधींना तो सापडला. पण त्यासाठी त्यांना पन्नासहून अधिक वर्षं लागली. शेवट वर्ध्याजवळच्या सेवाग्रामात झाला, सुरुवात मात्र लंडनजवळच्या एका रेल्वे स्टेशनावर.

साल १८९१. चार्ल्स ब्रॅडलॉ हे इंग्लंडमधले नामांकित नास्तिक ३० जानेवारीला वारले. १८८० मध्ये नॉर्थॅम्प्टनच्या मतदारांनी त्यांना पार्लमेंटवर निवडून दिलं होतं. पण देवाच्या नावानं शपथ घेण्यावरून असा काही वाद पेटला, की त्यांना जागेवर बसता येईना. पुन्हा निवडणूक, पुन्हा विजय, पुन्हा मज्जाव. एकदा तर त्यांना पार्लमेंटच्या घड्याळाच्या मनोऱ्यात एक रात्र कोंडून ठेवलं. अखेर १८८६ मध्ये ते सभागृहात रीतसर बसले आणि देवाचं नाव न घेता प्रतिज्ञा करण्याची मुभा देणारा कायदा त्यांनी १८८८ मध्ये करवून घेतला. हिंदुस्थानचा कैवार घेणारा खासदार म्हणूनही त्यांचा लौकिक होता. १८८९ च्या मुंबई काँग्रेसला ते मुद्दाम आले होते. त्यामुळे लंडनमधले हिंदी लोक त्यांच्या अंत्यविधीला गेले. त्यांत बॅरिस्टरीचा एकवीस वर्षांचा विद्यार्थी मोहनदास गांधीही होता.

परतीच्या गाडीची वाट पाहताना स्टेशनावर जे घडलं, ते गांधीजींनी आत्मकथेत लिहून ठेवलं आहे. गर्दीतल्या एका कडव्या नास्तिकानं एका पाद्र्याला गाठलं. देव आहे असं तुम्ही मानता ना? मानतो. पृथ्वीचा घेर अमुक इतके मैल, हे कबूल ना? कबूल. मग तुमच्या देवाचं आकारमान किती आणि त्याचा पत्ता काय, ते सांगा. पाद्री नम्रपणे म्हणाला, तो आपल्या दोघांच्याही हृदयात राहतो. त्यावर, मला लहान मूल समजू नका, असं म्हणून त्या नास्तिकानं भोवतालच्या लोकांकडे विजयी मुद्रेनं पाहिलं. पाद्री गप्प बसला. तरुण गांधींच्या मनात नास्तिकतेविषयी आधीच अढी होती, ती या प्रसंगानं आणखी घट्ट झाली.

पृथ्वीचा घेर विचारणाऱ्याला उत्तर नकोच होतं, प्रेक्षक हवे होते. आजकाल दूरचित्रवाहिन्यांवर रात्री चालणाऱ्या धर्मचर्चा पाहिल्या, की मला ते स्टेशन आठवतं. फरक एवढाच, की आता पाद्र्याचा नम्रपणाही उरलेला नाही.

त्याच साली, १८९१ मध्येच, पुण्यात एक पुस्तक प्रसिद्ध झालं : महात्मा फुल्यांचं ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक’. ते छापून आलं तेव्हा जोतीराव हयात नव्हते. त्यात त्यांनी एका घराचं चित्र रंगवलं आहे. बाईनं बौद्ध ग्रंथ वाचून पटला तर तो धर्म स्वीकारावा, नवऱ्यानं बायबल वाचून ख्रिस्ती व्हावं, मुलीनं कुराण वाचून मुसलमान व्हावं, मुलानं सत्यधर्म घ्यावा. आणि सगळ्यांनी एकाच छपराखाली एकमेकांचा हेवा न करता प्रेमानं नांदावं. एकोणिसाव्या शतकात, जिथे नवऱ्याची जात, नवऱ्याचं गोत्र, नवऱ्याचाच देव अशी रीत होती, तिथे बायकोनं स्वतः वाचून आपला धर्म ठरवावा, असं लिहिणं ही साधी गोष्ट नव्हती. पण बारकाईनं पाहिलं तर जोतीरावांच्या या घरातही, मला कुठलाच धर्म नको म्हणणाऱ्यासाठी खोली ठेवलेली दिसत नाही.

आता चाळीस वर्षं पुढे येऊ. डिसेंबर १९३१. गोलमेज परिषदेहून परतताना गांधीजी स्वित्झर्लंडमध्ये लोझान इथे थांबले. तिथल्या सभेत त्यांनी सांगितलं, की ‘ईश्वर सत्य आहे’ असं मी पूर्वी म्हणत असे, आता ‘सत्य हाच ईश्वर’ असं म्हणतो. कारण काय, तर ईश्वराला नाकारणारे पुष्कळ निघतात, पण सत्याला नाकारणारा नास्तिकही सापडत नाही. शब्दांची नुसती उलटापालट वाटते, पण तिनं दार बरंच उघडलं. आणि याच भाषणात त्यांना ब्रॅडलॉ आठवले. ब्रॅडलॉ स्वतःला हौसेनं नास्तिक म्हणवत, पण मी काही त्यांना नास्तिक म्हणणार नाही, ते ईश्वराला भिऊन वागणारेच होते, असा गांधीजींचा अभिप्राय. हे त्यांना आवडलं नसतं, हेही त्यांनी हसत सांगितलं. म्हणजे शेवटी काय, ब्रॅडलॉ देवमाणूसच! ज्या माणसानं देवाच्या नावाची शपथ नको म्हणून उमेदीची वर्षं झिजवली, त्याच्या माथी देव मारायचाच. यात औदार्य आहे, पण पुरतं समजून घेणं नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

ते घडायला समोर जिताजागता, न ऐकणारा नास्तिक यावा लागला. त्याचं नाव गोपराजु रामचंद्र राव. नावातली आद्याक्षरं घेऊन ते स्वतःला ‘गोरा’ म्हणवत. आपल्या गोरोबाकाकांशी त्याचा काही संबंध नाही. जन्म १९०२ चा, ब्राह्मण घरातला. वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक. जानवं घालायला नकार दिला म्हणून वडिलांनी घराबाहेर काढलं. नास्तिक विचारांपायी १९३३ मध्ये काकिनाड्याच्या कॉलेजातली नोकरी गेली, पुढे मच्छलीपट्टणमचीही सुटली. मग १९४० मध्ये कृष्णा जिल्ह्यातल्या मुदुनूर गावी त्यांनी आणि पत्नी सरस्वतीबाईंनी नास्तिक केंद्र काढलं. तिथलं काम म्हणजे प्रौढांचे वर्ग, अस्पृश्यांच्या वस्तीत राहणं, सगळ्या जातींची एकत्र जेवणं. स्वातंत्र्याच्या चळवळीत नवराबायको दोघंही तुरुंगात गेली. १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहाच्या साली मुलगा झाला, त्याचं नाव त्यांनी ठेवलं लवणम्!

गोरांनी १९३० मध्येच गांधीजींना पत्र लिहून ‘देव’ या शब्दाचा अर्थ विचारला होता. देव मानवी बुद्धीच्या पलीकडचा आहे, असं उत्तर आलं. १९४१ मध्ये भेटीची वेळ मागितली, तेव्हाचं उत्तर तर अगदी तुटक होतं. नास्तिकता म्हणजे स्वतःलाच नाकारणं, तुम्हाला जे काही यश मिळालं आहे ते तुमच्या कामामुळे, आणि बोलायला मला वेळ नाही. आपण असतो तर पत्र फाडून टाकलं असतं. गोरा काम करत राहिले.

१९४४ च्या अखेरीस ते सेवाग्रामला पोचले. गांधीजींनी पहिल्याच भेटीत थट्टेनं विचारलं, की देव नसलेल्या माणसाशी मी बोलू तरी काय? गोरांनी शांतपणे दुरुस्ती केली. मी देव नसलेला नव्हे, नास्तिक आहे. ‘देव नसलेला’ म्हणजे नुसता नकार झाला. नास्तिकता म्हणजे त्या नकारातून येणारी जगण्याची रीत. मग पुढच्या बोलण्यात त्यांनी बंगालच्या दुष्काळाची गोष्ट काढली. १९४३ मध्ये कलकत्त्याच्या फुटपाथवर माणसं उपाशी मरत होती, आणि तीही मिठाईनं भरलेल्या दुकानांच्या शेजारी. नशिबावर आणि देवावर हवाला ठेवायची सवय लागली, की माणूस समोरच्या अन्नाकडे हात करत नाही आणि दुकानदारालाही आपली जबाबदारी वाटत नाही, असं त्यांचं म्हणणं. जाती आणि धर्म यांची लेबलं काढून माणसं नुसती माणसं म्हणून एकत्र यावीत, यासाठी मला नास्तिकता हवी.

इथे स्टेशनावरचा प्रश्नोत्तरांचा खेळ नव्हता. देवाचा पत्ता कोणी विचारला नाही. तुमच्या मानण्यानं तुमच्या गावात काय घडतं, एवढ्यावर बोलणं चाललं. गांधीजींनी ऐकून घेतलं आणि जे सांगितलं, त्याचा आशय असा : माझी आस्तिकता बरोबर असं मी म्हणू शकत नाही, तुमची नास्तिकता चूक असंही नाही. आपण दोघे सत्य शोधणारे. तुम्ही काम करणारे आहात, कडवे नाही. कोण बरोबर ते परिणाम ठरवतील. मी तुमच्याकडे येईन, तुम्ही माझ्याकडे याल, नाहीतर दोघेही तिसऱ्या वाटेनं जाऊ. तुमची पद्धत माझ्याविरुद्ध असली तरी मी मदत करीन.

पंचाहत्तरीचा, दिवसातून दोनदा प्रार्थना करणारा, ओठांवर रामनाम असलेला माणूस हे बोलत होता. तेरा वर्षांपूर्वी ब्रॅडलॉंना नास्तिक म्हणायला तयार नसलेला माणूस आता गोरांना नास्तिक राहू देत होता. गोरा पुढे सहकाऱ्यांसह आश्रमात येऊन राहिले. दोघांपैकी कोणी बदललं नाही. तसं पाहिलं तर बदलावं म्हणून ते भेटतच नव्हते.

परीक्षेची वेळ आली ती लग्नाच्या निमित्तानं. माणसाच्या मतांचा खरा कस लागतो तो मांडवातच, हे आपल्याला वेगळं सांगायला नको. गोरांनी थोरली मुलगी मनोरमा हिचं लग्न अर्जुनराव या दलित तरुणाशी ठरवलं आणि १९४६ मध्ये ते गांधीजींच्या कानावर घातलं. गांधीजींना आनंद झाला. त्या काळात त्यांनी अशाच लग्नांना आशीर्वाद द्यायचं ठरवलं होतं. घाई नको, दोन वर्षं थांबा, मुलाला आश्रमात पाठवा, लग्न सेवाग्रामला होईल, असं त्यांनी सुचवलं. अर्जुनराव आश्रमात येऊन राहिला. राहता राहिला प्रश्न विधीचा. आश्रमातला विधी साधाच, पण त्यात ईश्वराचं नाव होतं. नास्तिकाच्या मुलीनं ते का उच्चारावं?

आपल्या महाराष्ट्राला पुरोहिताविना लग्न नवीन नव्हतं. सत्यशोधकांनी १८७३ मध्येच ती प्रथा घातली होती. पण भटजी गेला तरी सत्यशोधकांनी निर्मिकाला मांडवात ठेवलं होतं. इथे त्यालाही रजा द्यायची होती. गांधीजींनी तोड काढली : ईश्वराच्या नावाऐवजी सत्याच्या नावानं विधी होईल. लोझानचं ते सूत्र इथे खरं कामी आलं. १९३१ मध्ये त्यांनी त्या सूत्रानं नास्तिकाला आस्तिक ठरवलं होतं, आता त्याच सूत्रानं स्वतःच्या विधीतला देव बाजूला सरकवला.

लग्न लावायला गांधीजी राहिले नाहीत. ३० जानेवारी १९४८ ला, ब्रॅडलॉंच्या मृत्यूच्याच तारखेला, त्यांची हत्या झाली. सहा आठवड्यांनी, १३ मार्चला, सेवाग्रामात मनोरमा आणि अर्जुनराव यांचं लग्न ठरल्याप्रमाणे, देवाचं नाव न घेता लागलं. आश्रमातल्या श्रद्धाळू मंडळींनी बापूंचा शब्द पाळला. मला वाटतं, या हकिकतीत खरं मोठेपण कुणाचं असेल तर या मंडळींचं. गांधीजींची गोरांशी मैत्री होती. यांनी केवळ दुसऱ्यानं दिलेल्या शब्दासाठी, सुतकाच्या दिवसांत, आपल्या रोजच्या देवाला थोडा वेळ बाजूला बसवलं.

पुढच्या वर्षी, १७ ऑक्टोबर १९४९ ला, हाच पेच घटनासमितीपुढे आला. उद्देशिकेची सुरुवात ईश्वराच्या नावानं करावी, अशी दुरुस्ती हरि विष्णु कामत यांनी मांडली. देवाला मतदानाला घालू नका, अशी विनवणी पूर्णिमा बॅनर्जींनी केली. पण मतदान झालंच. बाजूनं ४१, विरोधात ६८. विरोध करणारे काही सगळे नास्तिक नव्हते. आपण स्वतः देव मानतो, पण ही श्रद्धेची सक्ती होईल, असं पट्टम थाणू पिल्लै यांनी सांगितलं होतं. आपले आमदार-खासदार आजही ईश्वरसाक्ष शपथ घेऊ शकतात किंवा नुसती गांभीर्यपूर्वक प्रतिज्ञा करू शकतात. ब्रॅडलॉंना त्यासाठी मनोऱ्यात रात्र काढावी लागली होती.

गोरांनी या भेटींवर इंग्रजीत छोटं पुस्तक लिहिलं. १९५१ मध्ये ते अहमदाबादच्या नवजीवननं, म्हणजे गांधीजींच्याच प्रकाशनसंस्थेनं छापलं आणि प्रस्तावना लिहिली ‘हरिजन’चे तेव्हाचे संपादक किशोरलाल मशरूवाला यांनी. गोरा १९७५ मध्ये वारले, नास्तिक म्हणूनच. त्यांचा तो मिठाच्या सालचा मुलगा लवणम् विनोबांच्या भूदानयात्रेत त्यांचा दुभाषी होता. गीताई लिहिणारे विनोबा आंध्रातल्या खेड्यापाड्यांत हिंदीतून बोलत, आणि शेजारी उभा असलेला नास्तिकाचा नास्तिक मुलगा ते लोकांना तेलुगूत सांगत असे.