मराठवाड्यातील निष्कासनाचे दावे आणि न्यायालयांची अधिकारिता : नांदेड व लातूरच्या संदर्भात

भाडेकरूकडून घराचा अथवा दुकानाचा ताबा परत मिळविण्यासाठी मालकाने कोणाच्या दारी जावे, हा प्रश्न वरवर तांत्रिक वाटतो. मराठवाड्यात मात्र त्याचे उत्तर प्रादेशिक इतिहासाने ठरविले. नांदेड आणि लातूर या बाजारपेठांच्या शहरांत ते २००० साली बदलले. प्रस्तुत निबंधात या बदलाचा मागोवा घेतला आहे.

हैदराबाद संस्थान १९४८ मध्ये भारतीय संघराज्यात विलीन झाले. पुढे हैदराबाद राज्याने १९५४ मध्ये घरे (भाडे, निष्कासन व पट्टा) नियंत्रण अधिनियम केला. या कायद्याने निष्कासनाचा निर्णय दिवाणी न्यायालयाकडे न सोपविता शासनाने नेमलेल्या भाडे नियंत्रकाकडे सोपविला. थकलेले भाडे, पोटभाडेकरू ठेवणे, वास्तूचे नुकसान, मालकाची स्वतःची खरी गरज, अशी कारणे नियंत्रकापुढे सिद्ध करावी लागत. नियंत्रक सामान्यतः महसूल खात्यातील अधिकारी असे. त्यामुळे ज्या अधिकाऱ्याच्या टेबलावर सारा-वसुलीची व टंचाईची प्रकरणे येत, त्याच टेबलावर एखाद्या कुटुंबाचे छप्पर अथवा व्यापाऱ्याचे दुकान राहील की जाईल, हेही ठरत असे.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि १९६० मध्ये महाराष्ट्राचा भाग झाला. कायदा मात्र हैदराबादचाच राहिला. येथे एक विसंगती नोंदविली पाहिजे. खुद्द हैदराबाद शहर ज्या राज्यात गेले, त्या आंध्र प्रदेशाने १९६० मध्ये नवा कायदा करून हा अधिनियम रद्द केला. गुलबर्गा-बिदरकडील भागासाठी म्हैसूर राज्यानेही १९६१ मध्ये स्वतःचा कायदा केला. तिन्ही वारसांपैकी मराठवाड्यानेच तो पुढे जवळपास चार दशके सांभाळला. १९८२ मध्ये उस्मानाबादमधून वेगळा होऊन लातूर जिल्हा झाला, तेव्हाही नव्या जिल्ह्याला हाच कायदा लागू होता.

एकाच महाराष्ट्रात त्यामुळे तीन पद्धती नांदत होत्या. पश्चिम महाराष्ट्रात मुंबईच्या १९४७ च्या कायद्यानुसार मालक थेट न्यायालयात दावा लावी. विदर्भात १९४९ च्या आदेशाप्रमाणे प्रथम नियंत्रकाची परवानगी घेऊन नोटीस द्यावी लागे आणि नंतर ताब्यासाठी दिवाणी दावा करावा लागे. मराठवाड्यात निष्कासनाचा आदेश नियंत्रकच देई. पुण्यातील, नागपुरातील आणि नांदेडातील भाडेकरू एकाच राज्याचे नागरिक असूनही तिघांना मिळणारे संरक्षण सारखे नव्हते.

महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ हा ३१ मार्च २००० पासून अमलात आला आणि त्याने हे तिन्ही कायदे रद्द केले. त्याचे कलम ३३ या विषयाचा गाभा होय. बृहन्मुंबईत लघुवाद न्यायालय, अन्यत्र जेथे लघुवाद न्यायालय स्थापन झालेले असेल तेथे ते न्यायालय, आणि जेथे ते नसेल तेथे दिवाणी न्यायाधीश, कनिष्ठ स्तर, अशी ही रचना आहे. कनिष्ठ स्तराचे न्यायाधीश नसतील तर वरिष्ठ स्तर. दाव्याची रक्कम कितीही मोठी असली तरी या अधिकारितेला बाध येत नाही. लातूरच्या गंजगोलाईतील मोक्याचे दुकान असले म्हणून भाडेकरूविरुद्धचा असा दावा वरिष्ठ स्तरावर लावता येत नाही. अपील जिल्हा न्यायालयाकडे जाते व त्यापुढे दुसरे अपील नाही. राहण्यासाठी परवान्याने दिलेली जागा मुदत संपूनही न सोडल्यास प्रकरण सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाते. तेवढा एक प्रशासकीय मार्ग नव्या कायद्यानेही राखला.

बदल एका दिवसात पूर्ण झाला नाही. कलम ५८ अन्वये प्रलंबित प्रकरणे जुन्याच कायद्याप्रमाणे, जणू नवा कायदा झालाच नाही अशा रीतीने, निकाली काढावयाची होती. परिणामी, फेब्रुवारी २००० मध्ये अर्ज केलेला मालक नियंत्रकापुढे उभा राही आणि एप्रिलमध्ये दावा लावणारा त्याचाच शेजारी न्यायालयात. वाड्याची भिंत एक, पण दोघांचे कायदे निराळे.

प्रत्येक ताब्याचा वाद मात्र या चौकटीत बसत नाही. बँका, तसेच १ कोटी रुपये वा अधिक भरणा झालेले भागभांडवल असलेल्या कंपन्या यांना दिलेल्या जागा कलम ३ ने वगळल्या आहेत. तेथे मालमत्ता हस्तांतरण कायदा व सामान्य दिवाणी न्यायालय आहे. शेतजमिनीच्या कुळाचा प्रश्न हैदराबाद कूळवहिवाट व शेतजमीन अधिनियम, १९५० खाली महसूल अधिकाऱ्यांकडे जातो. वक्फ मिळकतीच्या भाडेकरूबाबत सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये रमेश गोविंदराम प्रकरणात दिवाणी न्यायालयाची अधिकारिता मान्य केली होती; २०१३ च्या दुरुस्तीने भाडेकरूचे निष्कासन न्यायाधिकरणाच्या कक्षेत आणले. जुन्या वस्तीत वक्फ मिळकतींवर दुकाने चालविणाऱ्यांसाठी हा फरक कागदी नाही, कारण चुकीच्या ठिकाणी लावलेला दावा कित्येक वर्षांनी परत होऊ शकतो आणि तोवर दोन्ही पक्ष टांगणीला राहतात.

नियंत्रकाकडून न्यायाधीशाकडे झालेले हे संक्रमण अंतिम समजणे घाईचे ठरेल. केंद्रीय मंत्रिमंडळाने जून २०२१ मध्ये मंजूर केलेल्या आदर्श भाडेकरार कायद्यात भाडे प्राधिकरण उपजिल्हाधिकारी दर्जाच्या अधिकाऱ्याकडे आणि निष्कासनाचा निर्णय देणारे भाडे न्यायालय अतिरिक्त जिल्हाधिकारी वा तत्सम अधिकाऱ्याकडे सोपविण्याची योजना आहे. राज्याने स्वीकारल्याखेरीज ती लागू होत नाही. पण स्वीकारल्यास नांदेड-लातूरचा भाडेकरू पुन्हा महसूल कचेरीच्या पायऱ्या चढेल.