रापणीचा भार आणि श्रमणारे शरीर

स्नायू आणि सांधे यांच्या इजांचा विचार आज मुख्यतः खेळाडूंच्या संदर्भात होत असला, तरी या इजांचा इतिहास क्रीडांगणापेक्षा कितीतरी जुना असून तो श्रमाच्या जागी घडलेला आहे, आणि मालवण-वेंगुर्ले किनाऱ्यावर त्याचे सर्वांत बोलके उदाहरण रापणीत सापडते. रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचे लांबलचक जाळे. त्याचे एक टोक काठावर ठेवून होडी समुद्रातून अर्धवर्तुळाकार फिरवीत जाळे सोडले जाते, दुसरे टोक काही अंतरावर काठाला लावले जाते आणि मग दोन्ही टोकांच्या दोरांना लागलेल्या माणसांच्या रांगा बांगडा, तारली अशा थव्याने फिरणाऱ्या मासळीसह ते वाळूवर ओढून घेतात. रत्नागिरी आणि सावंतवाडी यांविषयीच्या 1880 च्या मुंबई गॅझेटियरमध्ये या किनाऱ्यावरील मासेमारीची माहिती मिळते. परंतु अशा सरकारी नोंदींचा भर उत्पन्न, साधने आणि जाती यांवर असल्यामुळे दोर ओढणाऱ्या गाबितांच्या आणि इतर मच्छीमारांच्या शरीराचा इतिहास कामाच्या स्वरूपावरूनच जुळवावा लागतो.

ओढणारा माणूस टाचा वाळूत रोवून, शरीराचा भार मागे टाकून पावलापावलाने मागे सरकतो. त्यामुळे ताण तळहातापासून खांद्यापर्यंत आणि तेथून कंबरेपर्यंत पोहोचतो, तर पायाखालची वाळू सरकत असल्याने गुडघा आणि घोटा यांना तोल सांभाळण्याचे जादा काम पडते. नायलॉन येण्यापूर्वीची सुती जाळी पाणी शोषून जड होत, म्हणजे तेवढ्याच मासळीसाठी अधिक वजन ओढावे लागे. अशा कामातील इजा दोन प्रकारच्या असतात: एका झटक्यात स्नायू ताणला जाणे किंवा सांध्याची हाडे बांधून ठेवणारा अस्थिबंध मुरगळणे हा पहिला प्रकार, तर स्नायूला हाडाशी जोडणारी कंडरा त्याच त्या हालचालीने वर्षानुवर्षे झिजत जाणे हा दुसरा. लचक आणि उसण या नावांनी ओळखला जाणारा पहिला प्रकार लगेच लक्षात येतो. दुसरा मात्र वयाच्या खात्यावर मांडला जातो.

उपचारांचीही येथे परंपरा होती. किनाऱ्यालगत वाढणाऱ्या उंडीच्या बियांचे तेल दुखऱ्या सांध्यांना चोळत, निर्गुडीच्या पाल्याने शेकत, सुजेवर आंबेहळदीचा लेप देत आणि सांधा निखळल्यास हाडवैद्याकडे जात. या ज्ञानामागे प्राचीन शास्त्राची पार्श्वभूमी होती. सुश्रुतसंहितेत सांधा निखळण्याचे 6 आणि हाड मोडण्याचे 12 प्रकार सांगितले असून मोडलेला भाग झाडाच्या सालींनी बांधून स्थिर ठेवण्याची रीतही दिली आहे. युरोपात बेर्नार्दिनो रामाझ्झिनी या इटालियन वैद्याने 1700 मध्ये कारागिरांच्या रोगांवर ग्रंथ लिहून, रुग्णाला त्याचा व्यवसाय विचारलाच पाहिजे, असा आग्रह धरला. आधुनिक उपचारही स्थिर राहिलेले नाहीत: विश्रांती, बर्फ, दाब आणि दुखरा भाग उंच ठेवणे हे सूत्र 1978 मध्ये मांडणारे अमेरिकन डॉक्टर गेब मर्किन यांनीच 2014 मध्ये बर्फ आणि संपूर्ण विश्रांती यांविषयीचे आपले मत बदलले.

तेल आणि लेप यांच्याइतकेच संरक्षण रापणीच्या रचनेतही होते. अनेकांच्या हातांत दोर असल्याने प्रत्येकावरचा भार कमी होई आणि मासळीचे वाटे पडत असल्याने हे श्रम सामायिक राहत. यांत्रिक मासेमारी वाढली तशी रापण मागे पडली. तिच्याबरोबर ही भारवाटणीही ओसरली, हे तिच्या ऱ्हासाच्या हिशेबात धरले पाहिजे. कष्टकऱ्याच्या खांद्याची झीज ही त्याची वैयक्तिक दुर्बलता नसून काम कसे वाटले जाते याचा परिणाम असते, म्हणून किनाऱ्याच्या इतिहासात मासळीच्या टनांबरोबर ती ओढणाऱ्या सांध्यांनाही जागा मिळणे न्यायाचे आहे.