कुमार-कादंबरी आणि मुखपृष्ठाचा पुरावा

कुमार-कादंबरी हा वाङ्मयप्रकार केवळ संहितेतून सिद्ध होतो, हे गृहीत तपासून पाहावे लागते. स्टेफनी मायर यांच्या ‘ट्वायलाइट’च्या (२००५) काळ्या मुखपृष्ठावर ओंजळीतले लाल सफरचंद होते; निषिद्ध फळाचे ते सूचन. एमिली ब्राँटी यांची ‘वुदरिंग हाइट्स’ (१८४७) हार्परकॉलिन्सने २००९ मध्ये तशाच काळ्या, पुष्पांकित मुखपृष्ठासह कुमार वाचकांपुढे ठेवली. ‘ट्वायलाइट’च्या नायक-नायिकेचे हे आवडते पुस्तक, असेही त्यावर छापले. संहिता तीच राहिली. तिचा अभिप्रेत वाचक तेवढा बदलला. वाङ्मयप्रकाराची सीमा, म्हणजे, मुखपृष्ठही आखत असते. म्हणूनच ग्रंथालयातील पुनर्बांधणीत मुखपृष्ठ काढून टाकले जाते, तेव्हा वाङ्मयेतिहासाचा एक पुरावाच नष्ट होतो.